सीएचमॉड ६६६ करूनही बूटनंतर सिरीयल पोर्ट ६२० वर का जातो

प्रश्न मला कळला तो असा: मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यात बिझीबॉक्सवाला (लिनक्सच्या कमांड एकाच छोट्या प्रोग्राममध्ये देणारा) छोटा एआरएम बोर्ड, आरएस-४८५ या सिरीयल वायरीवर (बसवर) वीज मीटर, आणि ते वाचणारा प्रोग्राम रूट नसलेल्या युजरखाली. बूटच्या वेळी चालणाऱ्या आरसीएस स्क्रिप्टच्या शेवटी सीएचमॉड या परवानगी बदलणाऱ्या कमांडने टीटीवाय-एस१ या सिरीयल पोर्टला ६६६ (सगळ्यांना वाचायची-लिहायची परवानगी) देता, ते लागतं. पण लाइट जाऊन आली की थोड्या वेळात परवानगी ६२० (मालक वाचतो-लिहितो, ग्रुप फक्त लिहितो, बाकीच्यांना काही नाही), मालक रूट. प्रोग्राम कधी चालतो, कधी "परमिशन डिनाइड". शिवाय कॉन्फिग फाइलच्या परवानगीचीही तक्रार.

वर एकांनी क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) दर मिनिटाला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, करायला सांगितलंय. ते नका करू. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तुमच्या प्रश्नात ६२० हा आकडाच चुगली करतोय. पोर्टच्या फाइली जिथे असतात ती डेव्हटीएमपीएफएस ही मेमरीतली फाइलसिस्टीम, दर बूटला नव्याने बनते, म्हणून कालचं सीएचमॉड आज नसतं हे ठीक. पण कर्नल स्वतः सिरीयल पोर्ट बनवतो तो ६०० चा (फक्त मालकासाठी). यूडेव्ह (डिव्हाइसच्या फाइलींना परवानग्या लावणारा प्रोग्राम) असेल तर डायलआउट हा सिरीयल पोर्ट वापरणाऱ्यांचा ग्रुप आणि ६६० (मालक आणि ग्रुप दोघांनाही वाचता-लिहिता येतं). ६२० करतो तो गेटी, म्हणजे लॉगिन विचारणारा प्रोग्राम. पोर्ट ताब्यात घेतला की तो मालक बदलतो आणि ६२० लावतो.

आता क्रम बघा. बिझीबॉक्सचा इनिट (बूटनंतरचा पहिला प्रोग्राम) आधी इनिटटॅब या त्याच्या यादीच्या फाइलमधली सिसइनिटची, म्हणजे सुरुवातीची, कामं पूर्ण करतो. तुमची आरसीएस त्यातच येते. रीस्पॉनच्या ओळी (बंद पडलं की पुन्हा सुरू करायचे प्रोग्राम, गेटी त्यातलाच) त्यानंतर. म्हणजे तुमचं ६६६ लागतं, मग गेटी उठतो आणि त्यावर बोळा फिरवतो. परवानगी तपासली जाते फाइल उघडताना, त्यामुळे प्रोग्रामने पोर्ट आधी उघडला असेल तर त्या बूटला या कारणाने अडत नाही. "कधी चालतो" त्याचं उत्तर बहुधा हेच.

आणि खरा त्रास परवानगीचा नाहीच. एकाच पोर्टवर दोघं वाचतायत. मीटरच्या उत्तरातले काही बाइट गेटी युजरनेम समजून गिळतो, वर कधी "पासवर्ड" असं बसवर लिहूनही टाकतो. लॉगमध्ये मधूनच सीआरसी (डेटा बरोबर आला का ते तपासणारा आकडा) चुकलेला दिसत असेल तर वायरिंगला दोष देण्याआधी इथे बघा. ७७७ करून हे जाणार नाही.

इलाज: इनिटटॅबमध्ये टीटीवाय-एस१ ची गेटीवाली ओळ शोधा, तिच्या सुरुवातीला हॅश टाका, म्हणजे ती ओळ बंद होईल. यूबूट या बूटलोडरच्या बूटआर्ग्समध्ये (कर्नलला दिलेल्या सूचनांमध्ये) "कन्सोल=" नंतर हाच पोर्ट असेल तर तोही काढा, नाहीतर कर्नलचे मेसेज मीटरच्या बसवर जात राहतील. इनिटऐवजी सिस्टीमडी असलेल्या बोर्डावर तर कन्सोल दिसला की सिरीयल-गेटी आपोआप सुरू होतो. तिथे ती सर्व्हिस मास्क करा, म्हणजे सुरूच होऊ शकणार नाही. मात्र एसएसएच चालतंय याची खात्री केल्याशिवाय एकुलता एक कन्सोल बंद करू नका, बोर्ड उघडून बसावं लागेल.

यानंतर पोर्ट ६०० वर राहील. तेव्हा एमडेव्ह.कॉन्फमध्ये (बिझीबॉक्समधल्या यूडेव्हसारख्या एमडेव्हची सेटिंग फाइल) या पोर्टसाठी रूट:डायलआउट आणि ६६० अशी ओळ लिहा, प्रोग्रामचा युजर डायलआउटमध्ये घाला. ६६६ ची गरज नाही. ग्रुप खरंच लागला का ते प्रॉक या चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या स्टेटस फाइलमधल्या ग्रुप्सच्या ओळीत दिसतं. आयडी कमांडवर विसंबू नका, आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसला नवा ग्रुप मिळत नाही.

कॉन्फिग फाइलचीही तक्रार होती ना? ती एसडी कार्डाच्या फॅट पार्टिशनवर असेल तर तिथे युनिक्सची परवानगी साठवायची सोयच नाही. माउंट करताना यूआयडी, जीआयडी (मालक आणि ग्रुपचे नंबर) आणि यूमास्क (कोणती परवानगी काढायची ते) द्या, सीएचमॉड विसरा.

तरी अडलं तर इनिटटॅब आणि बूटआर्ग्स इथे टाका, पासवर्ड असतील ते खोडून.