‘इन फ्रंट ऑफ’ की ‘ऑपोझिट’?

प्रश्न : नौपाड्यात आमचं दुकान नव्या जागेत जातंय. समोर शाळा आहे, मध्ये रस्ता. कार्डावर इंग्रजी पत्ता छापायचा आहे. छापखान्यातून नमुना आला ‘इन फ्रंट ऑफ स्कूल’ असा. मुलगी म्हणते ‘ऑपोझिट’ हवं, भाऊ म्हणतो ‘ऑपोझिट टू’. कोणाचं बरोबर?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : मुलीचं. ‘ऑपोझिट द स्कूल’ असं छापा.

मध्ये रस्ता, टेबल, बोळ असं काहीतरी असेल आणि दोन्ही बाजू एकमेकींकडे तोंड करून असतील, तर ‘ऑपोझिट’. त्याच बाजूला, अगदी दारापुढे असेल तर ‘इन फ्रंट ऑफ’. ‘द रिक्षा इज इन फ्रंट ऑफ द शॉप’ म्हटलं की रिक्षा तुमच्या पायरीपाशी उभी आहे. ‘ऑपोझिट द शॉप’ म्हटलं की ती रस्ता ओलांडून पलीकडे. तुमच्या कार्डावर ‘इन फ्रंट ऑफ स्कूल’ राहिलं, तर वाचणारा दुकान शाळेच्या फाटकाला लागून शोधेल. गल्लीत हे निभावून जातं. घोडबंदर रोड किंवा ठाणे-बेलापूर रोडसारख्या दुभाजकाच्या रस्त्यावर मात्र डिलिव्हरीवाला चुकीच्या बाजूला उतरला, की त्याला पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत यावं लागतं.

लोकलमधली समोरासमोरची बाकं डोळ्यांपुढे आणा. तुमच्याकडे तोंड करून बसलेला प्रवासी ‘ऑपोझिट यू’. दाराशी उतरायच्या रांगेत तुमच्या पुढे, पाठ करून उभा असलेला ‘इन फ्रंट ऑफ यू’. पण पाठ असलीच पाहिजे असं नाही. वर्गापुढे उभ्या राहून शिकवणाऱ्या बाईंचं तोंड मुलांकडेच असतं, तरी त्या ‘इन फ्रंट ऑफ द क्लास’च.

भावाचं ‘टू’ जागा सांगताना गाळलेलंच बरं. ‘ऑपोझिट’नंतर थेट ठिकाणाचं नाव येतं. ‘ऑपोझिट ऑफ’ तर पत्त्यात नकोच, त्याचा अर्थ ‘च्या उलट’ : थंड हे गरमच्या उलट, तसं. अमेरिकन इंग्रजीत ‘अक्रॉस फ्रॉम’ हेही याच अर्थाने चालतं. आपल्याकडे पाट्यांवर ‘ऑप.’ हे लघुरूप रुळलेलं आहे, तेव्हा कार्डावर जागा कमी असेल तर ते खुशाल वापरा.

मध्ये ‘द’ शिरला की अर्थ बदलतो, तेही सांभाळा. ‘इन फ्रंट ऑफ द कार’ म्हणजे गाडीच्या पुढ्यात, बाहेर. ‘इन द फ्रंट ऑफ द कार’ म्हणजे गाडीच्या आत, पुढच्या सीटवर.

प्रश्न : सोसायटीच्या नोटिशीत ‘पार्किंग अॅट बॅकसाइड’ लिहिलं, त्यावर एका सभासदाने हरकत घेतली. का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : हरकत योग्य आहे. ब्रिटिश-अमेरिकन बोलण्यात ‘बॅकसाइड’ म्हणजे माणसाचा पार्श्वभाग. इमारतीच्या मागे, बाहेर असेल तर ‘बिहाइंड द बिल्डिंग’ लिहा. ‘अॅट द बॅक ऑफ’ हे आतल्या मागच्या भागालाही लागू पडतं : सभागृहातल्या शेवटच्या रांगा ‘अॅट द बॅक ऑफ द हॉल’, पण सभागृहामागची गल्ली ‘बिहाइंड द हॉल’. मागच्या दरवाज्याला ‘रिअर एन्ट्रन्स’ हा नोटिशीत शोभणारा शब्द आहे.

प्रश्न : कॉर्नरला ‘इन’, ‘अॅट’ की ‘ऑन’? मुलाच्या परीक्षेत दर वेळी याचाच मार्क जातो.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : कोपरा आतून दिसतोय की बाहेरून, ते आधी पाहायचं. खोलीच्या कोपऱ्यातलं कपाट आतून दिसतं, म्हणून ‘इन द कॉर्नर’. दोन रस्ते मिळतात तो कोपरा बाहेरचा. तिथे ‘अॅट’ किंवा ‘ऑन’, आणि यातलं कुठलंच चूक नाही. नाक्यावर बांधलेल्या दुकानाला ‘द शॉप ऑन द कॉर्नर’ म्हणण्याकडे कल असतो, तर थांबण्याच्या किंवा वळण्याच्या जागेला ‘अॅट’ : ‘वेट अॅट द कॉर्नर’. नाक्यावरच्या मेडिकलला ‘इन द कॉर्नर’ लिहिलं की मार्क जाणारच.

कागदाचा कोपरा आतला धरतात. फॉर्मवर फोटो चिकटवायची जागा ‘इन द टॉप राइट-हँड कॉर्नर’. पानाच्या वरच्या भागात नाव लिहायचं असेल तर ‘अॅट द टॉप ऑफ द पेज’. ‘ऑन टॉप ऑफ द पेज’ म्हणजे पानावर ठेवलेलं, जसं पेपरवेट.

प्रश्न : ‘निअरबाय स्टेशन’ बरोबर आहे का?
— एक वाचक, वाशी

उत्तर : नाही. ‘निअर द स्टेशन’. ‘च्या जवळ’ या अर्थाने ‘निअरबाय’ला पुढे ठिकाण जोडत नाहीत, ते एकटं येतं : ‘देअर इज अ बँक निअरबाय’. अगदी शेजारी, मध्ये दुसरं काही नसेल तर ‘नेक्स्ट टू’ किंवा ‘बिसाइड’. ‘बिसाइड’ला शेवटी ‘स’ लागला की ‘बिसाइड्स’, म्हणजे ‘शिवाय’. पाट्यांवर ही चूक फार दिसते. डावी-उजवी सांगताना ‘इन द लेफ्ट’ नको, ‘ऑन द लेफ्ट’ लिहा, आणि कुठून येताना डावीकडे तेही लगेच जोडा : ‘ऑन द लेफ्ट अॅज यू लीव्ह द स्टेशन’. स्टेशनला दोन्हीकडून बाहेर पडता येत असेल, तर कुठली बाजू तेही लिहावं लागेल.