वाचकांचे प्रश्न : गार पडलेली पाकोळी उडाली कशी?

प्रश्न : बाई, सोलापुरात आमचं जुनं माळवदाचं घर आहे. डिसेंबरात सकाळी खिडकीची फळी उघडताना मागून एक पाकोळी, म्हणजे छोटं वटवाघूळ, टपकन पडली. अंग गारठलेलं, हालचाल काही नाही. मेली असं समजून मुलीने तिला सुपलीत घालून उन्हात ठेवलं. थोड्या वेळाने ती थरथरायला लागली आणि बघता बघता उडून गेली! अस्वल झोपतं तशी ही शीतनिद्रा का? पण आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मुलीला आधी माझी शाबासकी सांगा. पाकोळी उकिरड्यावर न टाकता उन्हात ठेवली, हे फार बरं केलं. पुढच्या वेळी मात्र हात न लावता जाड कापडात धरून उचला. वटवाघूळ घाबरलं की चावतं. चावलंच तर जखम साबणाने धुवून लगेच दवाखाना गाठायचा, रेबीजची लस घ्यायची. अंगावर काढायचं नाही.

पाकोळी मेली नव्हती. तिने शरीराचा खर्च कमी केला होता. आपण काय, चिमणी काय, पाकोळी काय, सगळे उष्ण रक्ताचे. अंगातली ऊब टिकवायला सतत अन्न जाळावं लागतं. जीव जितका लहान तितकी वजनाच्या मानाने कातडी जास्त, म्हणून ऊब लवकर जाते. कपातला चहा पातेल्यातल्या चहाच्या आधी निवतो तसं. तुमची पाकोळी असेल जेमतेम काही ग्रॅमची. पहाटेचा गारठा, त्यात थंडीमुळे किडेही कमी. अशात अंग गरम ठेवत बसली तर चरबी संपायला कितीसा वेळ? मग ती तापमान भोवतालच्या हवेच्या जवळपास उतरू देते, ठोके आणि श्वास अगदी कमी करते. काही तासांचा हा प्रकार म्हणजे टॉर्पर. तेच आठवडे, महिने चाललं की शीतनिद्रा. तुम्ही पाहिला तो टॉर्पर.

बर्फाची यात अट नाही. खरी अडचण अन्नाची. मादागास्करमध्ये जाड शेपटीचा एक छोटा लेमूर आहे. कोरड्या ऋतूत तो झाडाच्या ढोलीत सुमारे सात महिने पडून राहतो. दुपारी ढोली ३० अंशांच्या वर तापली तरी त्याची शीतनिद्रा मोडत नाही. शेपटीत साठवलेल्या चरबीवर त्याचं भागतं.

पक्ष्यांत अशी लांब झोप फार दुर्मिळ. आपल्या नान्नजच्या माळावर रातवा दिसतो ना, त्याच्या अमेरिकेतल्या एका भाऊबंदाला पुअरविल म्हणतात. १९४६च्या डिसेंबरात एडमंड जेगर यांना कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात खडकाच्या खोबणीत तो निपचित बसलेला सापडला. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा त्याच खोबणीत. स्टेथोस्कोप लावला तर ठोका ऐकू येईना, नाकाशी गार आरसा धरला तर त्यावर वाफ धरेना. तरी पक्षी जिवंत!

आता थरथरण्याविषयी, कारण सगळा खर्च तिथे आहे. गार अंग पुन्हा तापवायचं तर स्नायू थरथरवावे लागतात, आणि खांद्यांमधली तपकिरी चरबी जाळावी लागते. ही चरबी थेट उष्णताच देते. उन्हामुळे तुमच्या पाकोळीचं त्यातलं बरंच वाचलं. अलास्कातली जमिनीतली खार शीतनिद्रेत शून्याखाली, उणे २.९ अंशांपर्यंत उतरते, पण दर दोन-तीन आठवड्यांनी जागी होऊन अंग गरम करते. हिवाळ्यातली बहुतेक ऊर्जा या थोड्याशा जागरणांतच जाते. २००६ पासून उत्तर अमेरिकेत ‘व्हाइट नोज’ नावाच्या, बुरशीमुळे होणाऱ्या रोगाने लाखो वटवाघळं मेली. बुरशीमुळे ती पुन्हा पुन्हा जागी होतात, चरबी वेळेआधी संपते आणि ऐन हिवाळ्यात, किडे नसताना, उपाशी मरतात. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, माळवदाच्या फटींत थंडीत धूर करू नका, काठ्या खुपसू नका. एकेक उठवणं त्या जिवाला महागात पडतं.

अस्वलाचं तंत्र निराळं. अंग मोठं, केस दाट, त्यामुळे ते फारसं गार पडत नाही. अमेरिकेतल्या काळ्या अस्वलाचं तापमान ३० अंशांच्या खाली सहसा जात नाही, तरी ऊर्जेचा खर्च मात्र नेहमीच्या पावपटीवर येतो. महिनोन्‌महिने ते खात नाही, पीत नाही, लघवी करत नाही. युरियातला नायट्रोजन परत प्रथिनं बनवायला वापरतं, म्हणून एवढं पडून राहूनही स्नायू फारसे झडत नाहीत. मादी तर याच काळात पिल्लांना जन्म देते, दूधही पाजते.

आपल्या जंगलातलं अस्वल शीतनिद्रा घेत नाही. वाळवी, मध, बोरं, मोहाची फुलं. बाराही महिने त्याला काही ना काही मिळतं.