गोव्यात फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. लिनक्स ड्रायव्हरमध्ये दोन लॉक लागतात, डेडलॉक कसा टाळू?

दोन्ही लॉक (एका वेळी एकालाच डेटा वापरू देणारी कुलुपं) सगळीकडे एकाच क्रमाने घ्या; मग एक थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक) पहिला लॉक धरून दुसऱ्यासाठी आणि दुसरा थ्रेड दुसरा लॉक धरून पहिल्यासाठी अडकून बसला, असा डेडलॉक होत नाही. लॉक एकाच प्रकारचे असतील, तर ज्याचा मेमरी अ‍ॅड्रेस लहान तो आधी. हा क्रम कॉमेंटमध्ये लिहून ठेवाच, कोड वाचून तो कळत नाही. 'प्रूव्ह लॉकिंग' हा कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) पर्याय चालू करून कर्नल बिल्ड करा: २००६ पासून लिनक्समध्ये असलेला लॉकडेप हा लॉकचा क्रम तपासणारा भाग उलटा क्रम दिसताच, प्रत्यक्ष अडकण्याआधीच, कर्नल लॉगमध्ये इशारा देतो. मात्र जो कोड चाललाच नाही, त्याबद्दल तो काहीच सांगू शकत नाही. एरर हँडलिंगचा कोड मुद्दाम चालवून बघा. स्पिनलॉक (मिळेपर्यंत थ्रेडला फिरत थांबायला लावणारा लॉक) इंटरप्ट हँडलरही, म्हणजे हार्डवेअरने मध्येच हाक दिल्यावर चालणारा कोडही, घेत असेल, तर बाकी ठिकाणी तो लॉक इंटरप्ट बंद करूनच घ्या; नाहीतर लॉक धरलेला असतानाच हँडलर मध्ये येऊन त्याच लॉकसाठी अडकू शकतो.