इमारतीतून बाहेर पडण्याच्या वाटेवर आपत्कालीन दिवे किती आणि कुठे लावावेत?

तुमची इमारत तीन मजली, जिने दोन, जनरेटर आहेच. मग पॅसेजमध्ये किती अंतरावर एकेक आपत्कालीन दिवा लावला की भागेल, असं तुम्ही विचारलंय.

अंतराचा हिशेब नंतर करा. आधी नकाशा हातात घेऊन सगळ्यात लांबच्या खोलीपासून थेट बाहेरच्या मोकळ्या जागेपर्यंत चालत जा. जिथे वळावं लागतं, दोन पॅसेज मिळतात, पायरी येते, दार लागतं, तिथे खूण करा. फायर अलार्मचं बटण, आग विझवायचे सिलिंडर आणि प्रथमोपचार पेटी यांच्यापाशीही करा. प्रत्येक खुणेपासून दोन मीटरच्या आत दिवा हवाच. शेवटच्या दाराबाहेरचा दिवा हमखास राहून जातो. बाहेर मिट्ट काळोख असला की पुढचा माणूस दारातच थबकतो आणि मागे गर्दी तुंबते.

जिन्याकडे नीट लक्ष द्या. प्रत्येक टप्प्यावर दिव्याचा थेट उजेड पडला पाहिजे. दिवा उतरणाऱ्याच्या पाठीमागेच असेल, तर त्याची स्वतःचीच सावली पुढच्या पायरीवर पडते आणि पायरीची कड दिसत नाही. मी तरी वरच्या आणि खालच्या, दोन्ही लँडिंगवर दिवा लावतो.

आता अंतर. युरोपातल्या ईएन १८३८ या मानकानुसार बाहेर पडण्याच्या वाटेवर जमिनीलगत किमान १ लक्स (लक्स म्हणजे जागेवर पडणारा उजेड मोजायचं एकक) उजेड लागतो, आणि सर्वांत उजळ व सर्वांत अंधाऱ्या जागेत ४० पटींहून जास्त फरक चालत नाही. अमेरिकेतल्या एनएफपीए १०१ या अग्निसुरक्षा नियमावलीत सुरुवातीला सरासरी १०.८ लक्स आणि दीड तासाचा बॅकअप मागतात. तुम्हाला कोणता नियम लागू आहे ते बघा आणि दिवे बनवणाऱ्या कंपनीच्या स्पेसिंग टेबलमधून, म्हणजे दोन दिव्यांत किती अंतर ठेवायचं त्या तक्त्यातून, छताच्या उंचीनुसार अंतर काढा. लांब लांब लावलेल्या दोन प्रखर दिव्यांपेक्षा जवळजवळचे चार मंद दिवे केव्हाही बरे. एखादा बंद पडला तरी वाट दिसते.

जनरेटरच्या भरवशावर मात्र अजिबात राहू नका. तो मेन सप्लाय गेल्यावरच सुरू होतो. जिन्याच्या दिव्यांची तेवढी एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) पडली तर मेन चालूच असतो, जनरेटर जागचा हलत नाही आणि जिना अंधारात राहतो. म्हणून स्वतःची बॅटरी असलेली, बाहेरून येणारी वीज गेली की आपोआप पेटणारी फिटिंग (दिव्याचा पूर्ण संच) घ्या आणि तिला त्याच जागेच्या लाइटिंग सर्किटवरून, स्विचच्या आधीचा फेज द्या. सोयीचं पडतं म्हणून पुष्कळदा जवळच्या सॉकेटवरून वायर ओढली जाते. मग जिना अंधारात असला तरी फिटिंगला वीज मिळतच राहते आणि ती पेटत नाही. काम ताब्यात घेताना डीबीवरची (सगळ्या एमसीबी असलेल्या पेटीतली) जिन्याची एमसीबी स्वतः खाली पाडा आणि दिवे लागतात का ते बघा. नुसतं टेस्ट बटण दाबून ही चूक सापडत नाही.

आतून उजळणारी एक्झिटची पाटी तिच्या उंचीच्या २०० पट अंतरावरून वाचता येते, म्हणजे १५ सेंटिमीटरची पाटी ३० मीटरवरून.

दर महिन्याला थोडा वेळ दिवे पेटवून बघा आणि वर्षातून एकदा बॅटरीवर ठरलेला पूर्ण वेळ चालवा. त्या मोठ्या चाचणीनंतर बॅटऱ्या रिकाम्या होतात आणि भरायला २४ तासही लागू शकतात. म्हणून ती इमारत रिकामी असताना करा. तसं जमणारं नसेल, तर एकाआड एक फिटिंग दोन वेगळ्या दिवशी तपासा.