दुरुस्तीचं टेबल : गळक्या माळ्यावरचा व्हॉल्व्हचा टीव्ही

(वाचकांनी विचारावं, आमच्या निवृत्त टीव्ही मेकॅनिक काकांनी सांगावं. पत्रात मॉडेल, गाव आणि आत्तापर्यंत काय काय उचकटलंय ते जरूर लिहा.)

प्रश्न : काका, आजोबा मुंबईत गोदीत कारकून होते. त्यांनी १९७६ साली घेतलेला टीव्ही निवृत्तीनंतर गावी आणला. लाकडी पेटी, पुढे सरकती दारं, दारांना कुलूप. बरेच पावसाळे तो माळ्यावर होता आणि वरची कौलं फुटलेली. मागचं पुठ्ठ्याचं कव्हर कुजून गेलंय, चॅसीला (भाग बसवलेल्या आतल्या पत्र्याला) हात लावला तर गंजाचे पापुद्रे सुटतात. कंपनीची पट्टी कुठे पडली ते माहीत नाही, पण व्हॉल्व्हवर, म्हणजे आतल्या काचेच्या निर्वात नळ्यांवर, पीएल ५०४, पीवाय ८८, पीसीएल ८२ असं वाचता येतं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, सोल्डरिंग येतं. वायर ब्रश आणि गंज काढायचा स्प्रे आणून ठेवलाय. बाबा म्हणतात, "एकदा प्लग लावून तर बघ." सुरुवात कुठून करू?
— एक वाचक भगिनी, मालवण तालुका

उत्तर : ताई, चाळीतल्या आठवणींची दोन पानं संपादकांनी कापली, जागा नाही म्हणून. मी मात्र वाचली. आता कामाचं.

बाबांना सांगा, प्लग लावायचा नाही. "लावून बघू" म्हणून असे कितीतरी सेट लोकांनी उडवलेत आणि मग माझ्याकडे आणलेत. इतकी वर्षं पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचा आतला थर गेलेला असतो. थेट २३० व्होल्ट दिले की तो जवळजवळ शॉर्टसारखा वागतो आणि जाताना रेक्टिफायर डायोडला (एसीचं डीसी करणाऱ्या भागाला) सोबत नेतो. नशीब फारच वाईट असेल तर ईएचटीही जातो, म्हणजे पिक्चर ट्यूबसाठी हजारो व्होल्ट तयार करणारा लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर. डायोड आजही दहा-वीस रुपयांत मिळेल, ईएचटी मिळणार नाही.

वायर ब्रश परत कपाटात ठेवा. सेटवर पैसे आणि रविवार घालवायचे की नाही ते पिक्चर ट्यूब ठरवते, गंज नाही. म्हणून पहिली तपासणी तिची.

ट्यूबच्या मानेत आत काचेला चंदेरी आरशासारखा डाग दिसतो, त्याला गेटर म्हणतात. तो चकचकीत चंदेरी किंवा काळपट असेल तर आत निर्वात आहे. दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरली, ट्यूब संपली. व्हॉल्व्हचंही तसंच, त्यांचा डाग बहुतेक टोकाला असतो. मग मल्टिमीटरने ट्यूबच्या हीटरच्या दोन पिना मोजा. थंड असताना दहा ओमच्या आत काहीतरी दाखवायला हवं. काहीच नाही दाखवलं तर आधी पिना घासून पुन्हा मोजा, कारण गंज मीटरलाही फसवतो. शेवटी ट्यूबच्या तोंडाभोवतीचा पोलादी पट्टा बघा. तो शोभेचा नाही. काच फुटून आत कोसळू नये म्हणून तो ताणून बसवलेला असतो. वरवर लाल झाला असेल तर चालेल. पापुद्रे सुटून पातळ पडला असेल किंवा कुठे तुटला असेल तर मी त्या सेटला वीज दिली नसती. तुम्हीही देऊ नका. पट्टा सोडवून रंगवायचा विचारही नको.

ट्यूब गेली असेल तर इथेच थांबा. पेटीला पॉलिश करा, दारांच्या खाचांत मेण घासा आणि दिवाणखान्यात ठेवा. ट्यूब चांगली निघाली तर पुढे वाचा.

हा सेट बिनट्रान्सफॉर्मरचा आहे. मेन्सची एक तार सरळ चॅसीला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की चॅसीवर फेज येतो, म्हणजे तुमच्या गंजलेल्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट. दुकानात नवीन पोऱ्या आला की मी त्याला आधी टेस्टर हातात द्यायचो, स्क्रूड्रायव्हर नंतर. तुम्ही २३०ला २३०चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्या, म्हणजे सेटचा मेन्सशी थेट तारेचा संबंध राहत नाही. सेट दीडशे वॉटच्या आसपास खातो, पण अर्ध्या लहरीचा रेक्टिफायर असल्यामुळे ट्रान्सफॉर्मर तापतो, म्हणून ५०० व्हीएचा घ्या. आणि कुणी शहाणा म्हणालाच की "तीन पिनी प्लग लावून चॅसी अर्थ करून टाक", तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

ट्यूबच्या कडेच्या रबरी टोपीखाली चालू सेटमध्ये १५-१६ हजार व्होल्ट असतात. तुमचा सेट बंद पडून वर्षं झालीत, तरी सवय लावून घ्या. लांब मुठीच्या स्क्रूड्रायव्हरला तार बांधा, तारेचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवर काळ्या लेपाला टेकलेल्या जाळीला लावा, मग टोक टोपीखाली सरकवा. थोड्या वेळाने पुन्हा तेच करा. काच थोडा चार्ज परत वर आणते.

आता गंज. चॅसी म्हणजे नुसता भाग बसवायचा पत्रा असं डिप्लोमावाल्यांना वाटतं, कारण ते पीसीबीवर, म्हणजे छापील सर्किटच्या पाटीवर, शिकलेले असतात. इथे पत्रा हीच निगेटिव्हची तार आहे. पत्र्याला रिव्हेट मारलेले छोटे टॅग दिसतील आणि त्यांना काळ्या तारा, कंडेन्सरची टोकं सोल्डर केलेली असतील. कोकणातली खारी हवा रिव्हेट आणि पत्रा यांच्यामधून आत जाते. वरून टॅग चकचकीत दिसतो, खाली किटण. मग चित्र उभं थरथरतं, आवाजात गुरगुर येते, पेटीवर थाप मारली की थांबते. अशा सेटमध्ये लोकांनी व्हॉल्व्ह बदलून बदलून पैसे घालवलेत.

म्हणून सगळा पत्रा चकाचक करायच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक अर्थ टॅगशेजारी रुपयाएवढी जागा खरवडून उघडी करा, नवा टॅग दातेरी वॉशर घालून स्क्रूने आवळा, आणि टॅगपासून टॅगपर्यंत जाड तांब्याची तार फिरवून मुख्य कंडेन्सरच्या निगेटिव्हला आणून जोडा. खरवडायला फायबरग्लासची पेन किंवा पितळी ब्रश घ्या. लोखंडी लोकर अजिबात नको, तिचे केस सॉकेटमध्ये अडकून राहतात आणि महिन्याभराने शॉर्ट करतात. चॅसीवर कुठे पिवळसर सोनेरी मुलामा शिल्लक असेल तर तो कॅडमियमचा असू शकतो. त्याची धूळ विषारी. कोरडं घासू नका, ओलं करून घासा, मास्क लावा, चिंधी फेकून द्या. स्प्रेही चॅसीवर मारू नका. तो तारांच्या कापडी वेष्टनात आणि व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्ये मुरतो आणि धूळ धरून बसतो. बाकीच्या उघड्या पत्र्यावर गंज रूपांतरक लहान ब्रशने, भागांना न लावता. पत्रा काळा पडेल. पडू दे.

सुटे होणारे स्क्रू, पट्ट्या, व्हॉल्व्हवरच्या पत्र्याच्या टोप्या मात्र काढून घ्या. लिंबूफुलाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, लगेच हेअर ड्रायरने वाळवा आणि तेलाचा हात फिरवा. वाळवायला आळस केलात तर जेवण होईपर्यंत पुन्हा लाल. एक जपा : पेटीच्या तळाचे स्क्रू आणि बटणांमधले बारीक स्क्रू थेट चॅसीला किंवा तिला जोडलेल्या दांड्यांना लागलेले असतात. कारखान्यात त्यांच्यावर मेण किंवा प्लॅस्टिकची बुचं असायची. ती परत बसली पाहिजेत, नाहीतर आवाज वाढवायला गेलेल्याच्या बोटाला २३० व्होल्ट.

व्हॉल्व्ह पुसताना काचेवरच्या अक्षरांना हात लावू नका. ती छपाई ओल्या बोटाने निघून जाते, आणि मग बिननावाच्या बाटल्या हातात घेऊन बसायची वेळ येते. आधी फोटो काढा, नंतर फक्त पिना साफ करा. नऊ पिनांच्या व्हॉल्व्हचा हीटर बहुतेक ४ आणि ५ वर असतो, प्रत्येकाचा मोजा. नाव 'पी'ने सुरू होतं म्हणजे हीटर ३०० मिलिअँपिअरचा, सगळे एकापाठोपाठ एक जोडलेले : पीएल ५०४ ला २७ व्होल्ट, पीवाय ८८ ला ३०, पीसीएल ८२ ला १६. दिवाळीच्या जुन्या माळेसारखं, एक गेला की सगळे अंधारात. गेलेला असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाजवळची दुकानं किंवा जुना बाजार. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे खोक्यातले कोरे व्हॉल्व्ह अजून कुणाकुणाकडे निघतात.

ईएचटीचं वेटोळं ओल धरून बसलेलं असतं. मेणाचा लेप वरून कोरडा दिसला तरी आत पाणी राहतं. चॅसी साठ वॉटच्या दिव्याशेजारी, पेटीत झाकून, आठवडाभर ठेवा. लवकर म्हणून ओव्हनमध्ये घालू नका, मेण वितळेल.

मेणाचे आणि कागदी कंडेन्सर सरसकट बदला. मोठा इलेक्ट्रोलिटिक डबा दिसायला जागेवर राहू द्या, त्याच्या तारा सोडवून नवे कंडेन्सर चॅसीखाली लावा. मेन्सची वायर नवी. मग आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, त्याच्यापुढे सिरीजमध्ये शंभर वॉटचा तारेचा बल्ब, एलईडी नव्हे. बल्ब भडक पेटून तसाच राहिला तर शॉर्ट आहे. भडकून मंद झाला तर पुढे दोनशेचा लावा. सारे हीटर तांबूस दिसायला लागले की नजर पीएल ५०४ वर. त्याच्या आतली प्लेट लाल व्हायला लागली तर विचार करत बसू नका, बंद करा. लाइन ऑसिलेटर (आडव्या रेघांची लय देणारा भाग) चालत नाही किंवा पीएल ५०४ च्या ग्रिडकडे, म्हणजे त्याला इशारा देणाऱ्या पिनेकडे, जाणारा कंडेन्सर गळतोय, दोन्हींपैकी एक. आधी कंडेन्सर बदला, स्वस्त आहे.

इथवर आलात की पडद्यावर काय दिसतंय त्याचा फोटो पाठवा. आडवी पांढरी रेघ दिसली तर घाबरू नका, तिच्याबद्दल पुढच्या अंकात. आणि टॅगचं काम झाल्याशिवाय फोटो पाठवू नका, मी उत्तर देणार नाही.

प्रश्न : माझ्याकडचा व्हॉल्व्हचा सेट चालतो, पण पडद्यावर फक्त मुंग्या. दूरदर्शन दिसेल का? सेट-टॉप बॉक्सची पिवळी (चित्राची) तार कुठे लावू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबईहून सुरू झालेलं ते हवेतलं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण आता बंद आहे, अँटेना कितीही वळवलात तरी काही येणार नाही. पिवळी तार सेटमध्ये कुठेही खुपसू नका. तिला जागाच नाही, आणि तुमची चॅसी लाइव्ह असेल तर बॉक्सही जाईल.

मॉड्युलेटर लागेल, म्हणजे बॉक्सचं चित्र आणि आवाज टीव्हीच्या चॅनलवर चढवणारा डबा. बाजारातले नवे छोटे बहुतेक यूएचएफ या वरच्या लहरींवर देतात आणि तुमच्या सेटला फक्त व्हीएचएफ या खालच्या लहरी कळतात. जवळच्या केबलवाल्याला गाठा. सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाल्यापासून त्यांच्या रॅकमधले चॅनल मॉड्युलेटर भंगारात पडलेत, भंगाराच्या भावात देतात. चॅनल ४ चा मिळाला तर उत्तम : चित्र ६२.२५ मेगाहर्ट्झवर, आवाज त्याहून ५.५ मेगाहर्ट्झ वरती. पण आधी तुमचा ट्यूनर उघडून बघा. फिरत्या ढोलाच्या ट्यूनरमध्ये पुष्कळदा त्या भागातल्या चॅनलच्याच कॉइल भरलेल्या असायच्या, बाकीच्या जागा रिकाम्या. फ्री डिशच्या बॉक्सचं एव्ही मॉड्युलेटरला, तिथून ७५ ला ३०० ओमचा बलून (गोल तारेला चपटी तार जुळवणारा छोटा जोड), मग चपटी तार. मॉड्युलेटरची ताकद फार असते, मध्ये ती कमी करणारा अटेन्युएटर घाला, नाहीतर चित्र काळंकुट्ट आणि आवाजात घरघर.

प्रश्न : दुरुस्त केलेला सेट लावला की माझी शाळकरी मुलगी कानावर हात ठेवते, "शिट्टी वाजतेय" म्हणते. मला काहीच ऐकू येत नाही.
— एक वाचक, सांगली

उत्तर : मुलगी बरोबर आहे. ६२५ रेघा, सेकंदाला २५ चित्रं, गुणाकार १५,६२५. तेवढ्या हर्ट्झला ईएचटी थरथरतो. आपल्या वयाला तो आवाज जातो, मलाही येत नाही. सेट बंद करून, ट्यूब डिस्चार्ज करून ईएचटीच्या फेराइटची पकड सैल आहे का बघा आणि हलक्या हाताने आवळा. जोर लावलात तर फेराइट तडकतं. शिट्टी पूर्ण जाणार नाही, कमी होईल. मात्र ती अचानक खाली उतरून तुम्हालाही ऐकू यायला लागली तर लाइन ऑसिलेटर जागेवरून सरकलाय. चित्राचे तिरपे तुकडे दिसतील. होल्डचं बटण फिरवून जागेवर येत नसेल तर सेट बंद ठेवा आणि कुठला व्हॉल्व्ह तिथे बसलाय तो नंबर मला कळवा.