व्हॅनमधली किटली मध्येच बंद पडते

प्रश्न : नागपूरहून कॅम्पर व्हॅनने पेंच, ताडोब्याकडे जातो. टाकीत बोअरचं पाणी असतं. इलेक्ट्रिक किटली पाणी उकळायच्या आतच बंद पडते, तळाला पांढरा थर आहे. इन्व्हर्टरवर तर ती चालतच नाही. नवी घ्यावी का?

उत्तर : मुळीच नको. थर क्षारांचा आहे. त्याखाली तळ वाजवीपेक्षा जास्त तापतो आणि किटली कोरडी पडल्यासारखा थर्मोस्टॅट वीज तोडतो. अर्धा लिटर पाणी उकळा, बटण बंद करा, मग एक मोठा चमचा सायट्रिक अॅसिड हळूहळू घाला; आधी घालून उकळलं तर फेस उतू जातो. अर्ध्या तासाने ओता. थर जाड असेल तर पुन्हा तेच. शेवटी साधं पाणी दोनदा उकळून फेकून द्या. तारेची घासणी नको, आणि किटली पाण्यात बुडवायची तर अजिबात नाही. खालच्या बैठकीच्या पिना काळवंडल्या असतील तर बैठकच बदला. घासून वापरलेली पीन पुन्हा तापते.

इन्व्हर्टरचा दोष नाही. १५०० वॅटची किटली १२ व्होल्टच्या बॅटरीतून किमान १२५ अँपिअर ओढते. मुक्कामी १६ अँपिअरचा प्लग मिळाला तरच ती लावा. एरवी चहा गॅसवर, खिडकी उघडी ठेवून.