अळसांद्याच्या मुळांवरच्या गाठी

प्रश्न : भाताची कापणी झाली की आम्ही त्याच शेतात अळसांदे (चवळी) पेरतो. यंदा पानं पिवळी पडली म्हणून युरिया टाकला. वेल माजले, शेंगा मात्र मोजक्याच. बियांना जिवाणू खतही चोळलं होतं. काय चुकलं? – एक वाचक, सत्तरी (गोवा)

उत्तर : पुढच्या खेपेला फुलं धरताना एक झाड मातीच्या ढेकळासकट खणून काढा. उपटू नका, उपटलं की गाठी मातीतच राहतात आणि गाठी नव्हत्याच असं वाटतं. मुळं बादलीत हलक्या हाताने धुवा, एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-तांबूस दिसलं तर गाठीत राहणारे रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र (नायट्रोजन) झाडाला देत आहेत. आपल्या रक्ताला रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनच्याच कुळातलं द्रव्य त्या गाठीत असतं. गाठ हिरवट निघाली तर तिचं काम संपलेलं.

युरियाने नुकसान केलं ते इथे. आयता नत्र मिळाला की झाड गाठी पोसणं सोडतं आणि पाला वाढवत बसतं. द्विदल पिकाला वरून युरिया देऊ नका, हे मी कळकळीने सांगते.

पण पिवळेपणाचं मूळ मला मातीत दिसतं. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी. सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप; जितका कमी तितकी माती आम्ल) साडेपाचच्या खाली गेला की गाठी कमी धरतात. शिवाय नत्र बांधायला जिवाणूंना जे मॉलिब्डेनम नावाचं सूक्ष्म अन्नद्रव्य लागतं, तेही आम्ल मातीत मिळेनासं होतं. स्फुरद (फॉस्फरस) तर लोह आणि ॲल्युमिनियम धरून ठेवतात. मुळांवरच्या मायकोरायझा बुरशीचे तंतू तो दुरून ओढून आणतात, म्हणून विनाकारण खोल नांगरट नको. आधी माती तपासून घ्या. अहवालात सामू कमी आला तर सांगितला असेल तितकाच चुना किंवा डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेली चुनखडी) पेरणीच्या काही आठवडे आधी मिसळा.

जिवाणू खताचं, म्हणजे याच रायझोबियमचं, पाकीट चवळीवर्गीय पिकाचंच होतं ना? सोयाबीनचं इथे चालत नाही. मुदत बघा, आणि दुकानात उन्हात ठेवलेलं घेऊच नका, त्यातले जिवाणू मेलेले असतात. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम, गार झालेल्या गुळाच्या पाण्यातून चोळा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशकात कालवू नका.

शेंगा काढून झाल्या की वेल जमिनीलगत कापा, मुळं शेतातच राहू द्या.